वाण : निवडलेले आणि उरकलेले

मकरसंक्रांतीचा सण हा मुळात संक्रमणाचा, म्हणजे ओलांडून जाण्याचा सण आहे. सूर्याने धनु राशीतून मकर राशीत पाऊल टाकावे आणि माणसाने गतवर्षीचे रुसवेफुगवे ओलांडावेत, अशी त्यातील योजना. तिळगुळाचे चार दाणे हातावर ठेवून गोड बोलण्याची जी विनंती आपण करतो, तिच्यात देणाऱ्याच्या नाहीतर घेणाऱ्याच्या मनात काही कडू साठले आहे हे गृहीतच धरलेले असते. परंतु ज्याच्या मनात कडूही नाही आणि गोडही नाही, नुसते धुके दाटले आहे, त्याने काय ओलांडावे? रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. खिन्न माणसाचे कोणाशी भांडणच नसते. त्यामुळे समजूत कोणाची व कशी काढावी हेच घरच्यांना उमगत नाही. सणाच्या दिवशी तर अशा माणसाची अवस्था अधिकच बिकट होते. सारे घर हसते आहे आणि आपल्यालाच हसू येत नाही, याचा त्याला वेगळा अपराध वाटू लागतो.

आमचे राहणे पंढरीचे; तथापि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात आमचे येणे बहुधा असतेच. कीर्तन संपून आरती झाली की बुक्का लावून घेण्यास मंडळी पुढे येतात. त्यांत एखादे तरी माणूस असे निघतेच की जे पाया पडून उठता उठता हलक्या आवाजात म्हणते, "बुवा, हल्ली मन कशात लागत नाही. काही उपाय सांगा." कोणाची मुले पुण्यास नोकरीस गेलेली असतात, कोणाचा यंत्रमाग बंद पडलेला असतो, कोणाच्या घरचा कर्ता पुरुष जाऊन वर्ष झालेले असते, आणि कित्येकांना तर कारणही सांगता येत नाही. त्यांची अपेक्षा अशी असते की आम्ही एखादे स्तोत्र किंवा जपाची संख्या सांगावी. स्तोत्रांना आम्ही कमी लेखत नाही. आमचा सारा जन्म त्यांच्याच संगतीत गेला. परंतु अलीकडे आम्ही त्यांना आधी एक उलट प्रश्न विचारतो : "या संक्रांतीला तुम्ही कोणाला काय देणार आहात?" बहुतेक जण गोंधळतात. "आमच्याकडे वाण आणून झाले आहे", असे उत्तर येते. आमचे जे काही म्हणणे आहे ते या उत्तरापासूनच सुरू होते.

'वाण' हा शब्द संस्कृत 'वायन' या शब्दावरून आला. व्रताच्या सांगतेस जे फळ वा पक्वान्न दुसऱ्यास द्यावयाचे, त्यास वायन म्हणत. त्याच्या पंगतीस बसणारा दुसरा शब्द 'उपायन'. कोशात त्याचा अर्थ भेटवस्तू असा दिलेला सापडेल. पण शब्दाची फोड केली तर 'उप' म्हणजे जवळ आणि 'अयन' म्हणजे जाणे. जे हातात घेऊन आपण कोणाच्या जवळ जातो ते उपायन. उत्तरायणातील अयनही तेच. (सूर्याचे उत्तरेकडे वळणे आता २१ किंवा २२ डिसेंबरलाच होते आणि संक्रांत त्यानंतर तीन आठवड्यांनी येते, पंचांगकर्त्यांचा तो वाद आज नको.) सूर्याच्या जाण्याला आणि माणसाने माणसाकडे जाण्याला भाषेने एकच शब्द वापरला, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. खिन्नतेची ओळख तरी दुसरी कोणती? तीत माणसाचे जाणे थांबते. तो दारापर्यंत येतो आणि पुन्हा आत वळतो.

भागवताच्या दशम स्कंधात सुदाम्याचे आख्यान आहे. तेथे त्या ब्राह्मणाचे नाव दिलेले नाही. सुदामा हे नाव आपल्या ओठी परंपरेने आले. दारिद्र्याने वाळून गेलेली त्याची पत्नी त्याला द्वारकेस आपल्या मित्राकडे जाण्यास सांगते. तो निघण्यास तयार होतो आणि पहिला प्रश्न विचारतो : घरात काही उपायन आहे काय? घरात काहीच नसते. तेव्हा ती शेजारी जाऊन चार मुठी पोहे मागून आणते आणि चिंधीत बांधून त्याच्या हाती देते. आम्ही हे आख्यान लावतो तेव्हा श्रोत्यांचे लक्ष द्वारकेच्या सोन्याच्या कळसांकडे लागलेले असते. आमचे मन मात्र त्या फाटक्या घरात अडते. स्वतःच्या पोटाला नसताना, त्या माणसाकडे काय नेता येईल, असा विचार करून जी बाई उंबऱ्याबाहेर पडली, तिच्या त्या दोन-चार घरांच्या फेरीत आख्यानाचे सारे सार आहे. पुढे द्वारकेत सुदाम्याला ते पोहे बाहेर काढण्याची लाज वाटते, श्रीकृष्ण पुरचुंडी ओढून घेतो, एक मूठ खातो आणि दुसऱ्या मुठीच्या वेळी रुक्मिणी त्याचा हात धरते. पोहे किती होते याची चौकशी कोणी केली नाही.

त्याच रुक्मिणीच्या पंढरपुरातील मंदिरात संक्रांतीच्या दिवशी वाणवसा देण्यासाठी बायकांची रीघ लागते. देवीला वाण देऊन झाले की त्या एकमेकींना देतात. सुगडात काय असते? उसाचे कांडे, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी आणि तीळ. पौषातल्या शिवारात जे सहज हाती लागते तेच. या देण्याला आपल्या बायकांनी क्रियापद दिले ते 'लुटणे'. एरवी लुटणारा घेऊन जातो. वाण लुटणारी देऊन टाकते. आपल्या घरावर मैत्रिणींनी दरोडा घालावा आणि आपण दारात उभे राहून हसावे, अशी ही गमतीची कल्पना आहे. जिच्या डोक्यात ती प्रथम आली तिला आमचा नमस्कार असो.

आता अलीकडचे वाण पाहू. संक्रांत आठवड्यावर आली की मधल्या मारुतीपासून नव्या पेठेपर्यंत बाजार फुलतो. प्लॅस्टिकच्या डब्या, चहाच्या गाळण्या, स्टीलच्या वाट्या डझनावारी मिळतात. घरातील लक्ष्मी यादी करते, बायका किती येतील याचा अदमास घेते आणि त्या संख्येला भागून स्वस्तात बसेल अशी एकच वस्तू उचलते. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आटोपते. प्रत्येकीच्या घरी पंधरा गाळण्या जमतात आणि पंधरा जातात. यात कोणाचाही दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. नोकरी सांभाळून, स्वयंपाक करून, सासरमाहेर राखून बाईने आणखी किती करावे? तरी एवढे म्हणावेसे वाटते की त्या गाळण्या घेताना तिच्या डोळ्यांपुढे एकही चेहरा नव्हता. वाण निवडलेले नव्हते, उरकलेले होते. मग हळदीकुंकवाच्या रात्री पाय दुखतात आणि मन जिथल्या तिथेच असते, याचे नवल कसले?

पुरुषांनी यावर हसू नये. आपल्या सोलापूरच्या टॉवेलाची ख्याती देशभर आहे. २००५ मध्ये त्याला आणि चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु आपल्या भागातील लग्नकार्यात टॉवेल-टोपीचा जो आहेर होतो त्यातील पुष्कळ टॉवेलांच्या नशिबी पाणी कधी येतच नाही. या लग्नातून त्या लग्नात, या सत्कारातून त्या सत्कारात, घडी न मोडता ते हिंडत राहतात. एखाद्या विणकराने उभा दिवस मागावर घालवून जी वस्तू माणसाचे अंग पुसण्यासाठी केली, ती आपण नुसती हस्तांतरणाची चिठ्ठी करून टाकली!

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड न करणाऱ्याला, योग्य स्थळी व वेळी, द्यावयाचे म्हणून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीवर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. सन्मान न ठेवता, तुच्छतेने दिलेले ते तामस. या वर्गीकरणात वस्तूची किंमत कोठेच येत नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. देणाऱ्याच्या मनात घेणारा कसा उभा आहे, एवढेच तेथे तपासले आहे. हळदीकुंकवाला गेल्या वर्षी शेजारणीने स्टीलचा डबा दिला म्हणून यंदा आपण त्याहून मोठा दिला पाहिजे, असा हिशेब सुरू झाला की देणारीचे मन आधीपेक्षा जड होते. ज्या घरात महिन्याची मिळवणी जेमतेम आहे त्या घरची सून तर मग हळदीकुंकूच टाळू लागते. उदासी घालवण्यासाठी जे होते त्यानेच ती आणली.

आजच्या शास्त्रज्ञांनीही या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे, हे तरुण वाचकांसाठी सांगतो. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन या तिघांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सकाळी काही जणांना पाकिटे दिली. कोणात ५ डॉलर, कोणात २०. सायंकाळी पाचच्या आत ते खर्च करावयाचे. निम्म्यांनी स्वतःसाठी, निम्म्यांनी दुसऱ्यासाठी. सायंकाळी विचारपूस केली तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक प्रसन्न आढळले आणि रक्कम ५ होती की २० याने काही फरक पडला नाही. आम्हांस त्यातील दुसरी गोष्ट अधिक उद्बोधक वाटते. इतर विद्यार्थ्यांना आधी अंदाज विचारला होता, तेव्हा बहुतेकांनी स्वतःवर अधिक रक्कम खर्च करणाराच सुखी होईल असे सांगितले. म्हणजे आपले मन कशाने हलके होईल याविषयी आपला तर्कच चुकीच्या दिशेने धावतो. खिन्न माणूस स्वतःचीच मनधरणी करीत बसतो ती या चुकीच्या तर्कापायी.

पुढे अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात चिंता व नैराश्याची लक्षणे असलेल्या १२२ जणांवर असाच एक अभ्यास झाला व तो २०२२ मध्ये समोर आला. त्यांचे तीन गट केले होते. एका गटाने चार लोकांत मिसळावे, दुसऱ्याने आपल्या मनातील विचार लिहून तपासावेत, तिसऱ्याने आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्यासाठी तीन तीन लहान कृत्ये करावीत. बरे सर्वांनाच वाटले. परंतु माणसांशी जोडले गेल्याची जाणीव तिसऱ्या गटात अधिक वाढली. 'मी कसा दिसतो, मी कसा वागतो' ही सततची टोचणी त्यांच्यात कमी झाली, हे त्याचे एक कारण संशोधकांनी दिले आहे. नुसते समारंभास जाणे आणि कोणासाठी काही घेऊन जाणे यांत किती अंतर आहे, ते यावरून दिसते. पंधरा गाळण्यांचे हळदीकुंकू हे पहिल्या गटातले होय.

येथे कोणी आक्षेप घेईल की, स्वतःचे मन रमावे म्हणून दुसऱ्यास देणे हा शेवटी स्वार्थच नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. गीतेच्या कसोटीवर फळाची अपेक्षा ठेवून केलेले दान राजसच ठरेल. यावर आमचे उत्तर एका उदाहरणातून देतो. आमच्या श्रोत्यांत एक आजी होत्या. पती गेल्यावर त्यांनी बाहेर पडणे सोडले होते. सुनेच्या आग्रहास्तव एकदा कीर्तनास आल्या. आम्ही वर सांगितलेला प्रश्न त्यांना विचारला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "समोरच्या म्हाताऱ्याला दात नाहीत. त्याला तिळाची वडी कोण देतं आणि तो खाणार कशी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तीळ भाजले, खलबत्त्यात कुटले, शेंगदाण्याचा बारीक कूट आणि गूळ घालून मऊ तीळकूट केले आणि वाटीभर नेऊन दिले. गूळ किती घालावा, त्या म्हाताऱ्याला मधुमेह तर नाही ना, हे त्याच्या सुनेला आधी विचारून घेतले. आता सांगा, तीळ कुटताना त्या आजींच्या मनात स्वतःचे सुख होते, की समोरच्याचे दात? निवडण्याची हीच खुबी आहे. निवडताना दुसऱ्या माणसाचा इतका बारीक विचार करावा लागतो की तेवढा वेळ आपले दुःख बाजूला बसून राहते. स्वार्थाने आरंभ झाला असला तरी तो वाटेतच गळून पडतो.

याच आजींच्या निमित्ताने एक गोष्ट लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही, मग ती कोणास रुचो वा न रुचो. गावातील सर्वांत खिन्न माणसे कोण, असे विचारले तर पती गमावलेल्या स्त्रियांकडे बोट दाखवावे लागेल. आणि संक्रांतीच्या वाणातून आपण नेमके त्यांनाच वगळले आहे. त्यांना वाण मिळत नाही याची हळहळ पुष्कळांना वाटते. परंतु त्यांना वाण देता येत नाही, त्यांच्या हातचे कोणी घेत नाही, हे अधिक क्रूर आहे. घेण्यावाचून माणूस निभावून नेतो. देण्याचा हक्क काढून घेतला की त्याला आपण कोणाच्याही उपयोगाचे नाही असे वाटू लागते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना तो आदर्श घेण्याचे आवाहन केले. त्या विचाराला चालना देण्यात आपल्याच जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचा वाटा होता, ही सोलापूरकरांना अभिमानाची गोष्ट आहे. पण ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत असतो आणि हळदीकुंकू माजघरात असते. शास्त्राला हे चालेल का, असे आम्हांस विचारतात. धर्मशास्त्राच्या निबंधांत संक्रांतीच्या तिळाचे सहा उपयोग सांगितले आहेत : स्नान, उटणे, होम, तर्पण, भक्षण आणि दान. या सहांच्या यादीत कुंकवाची अट नाही. तेव्हा यंदा ज्या घरी हळदीकुंकू असेल त्या घरच्या सासूने आपल्या विधवा जावेला वा नणंदेला नुसते बोलावू नये. तिळगुळाचे ताट तिच्या हाती द्यावे आणि प्रत्येकीच्या हातावर तिने ते ठेवावे.

सोलापूरला हे जड जाऊ नये, कारण या गावाचा सर्वांत मोठा सोहळाच मुळी अशा देण्याचा आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी कोरड्या मुलखात तळे खोदविले, अडुसष्ट लिंगे स्थापिली. त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुज्ञा दिली, अशी कथा आहे. तो विवाह दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर होतो. पांढऱ्या बाराबंद्या घातलेले भक्त सात नंदीध्वज पेलून आणतात. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. मंगल वचने सुरू झाली की मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारा अफाट जनसमुदाय अक्षता उधळतो. या लग्नात कोणी वऱ्हाडी नाही, कोणाला पत्रिका नाही, आहेर मांडणारा कोणी नाही. मूठभर तांदूळ घेऊन जो आला तो घरचा. तेथे आम्ही अशी कितीतरी माणसे पाहिली आहेत की जी येताना घरच्यांच्या ओढीने आलेली असतात आणि अक्षता टाकताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती सैल पडते.

इतके लिहून एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. खिन्नता आणि नैराश्याचा विकार एक नव्हेत. ज्याची झोप, अन्न आणि कामावरील लक्ष आठवडेच्या आठवडे उडाले आहे, ज्याच्या तोंडी मरणाची भाषा येऊ लागली आहे, त्याला "चार घरी तिळगूळ वाट, बरे वाटेल" असे सांगणे हा निर्दयपणा होय. पाय मोडलेल्याला प्रदक्षिणा घालावयास सांगण्यासारखेच ते आहे. त्याला डॉक्टरकडे न्यावे, आणि लाज न बाळगता न्यावे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे; १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. अशा माणसासाठी निवडण्याजोगे वाण एकच : त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसण्याची एक सकाळ.

बाकीच्यांनी काय निवडावे, याची यादी आमच्याकडे मागू नये. यादी आली की पुन्हा उरकणे आले. तरी वानगीदाखल सांगतो. मोतीबिंदू झालेल्या शेजाऱ्याला औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून देता येतील. रात्री पहारा करणाऱ्याला थंडीत पहाटे कडक चहा देता येईल. पुण्यास राहणाऱ्या मुलाला शेंगांची चटणी सर्वच पाठवतात. त्याच्याबरोबर खोलीवर राहणाऱ्या आणि घर दूर असलेल्या मुलाच्या नावाने वेगळी पुडी बांधून पाठवता येईल. विडी वळणाऱ्या बाईचे बोट दिवसभर पानावर चालते; तिला हाताला लावण्याचे तेल द्यावे. सुगडे आणावयास जाल तेव्हा पाचांऐवजी सहा घ्या, आणि सहावे कोणाचे, ते घरी पोहोचण्यापूर्वी वाटेतच ठरवा.